आरंभ : आतून

९ जानेवारी

ती. मामा,

पत्राचा मायना लांबवलेला तुला खपत नाही, तेव्हा नमस्कार पोचला असं समज. फोन केला असता. पण आई म्हणाली, फोन जवळ आला की तुझं कानातलं यंत्र शिट्टी घालतं आणि तू समोरच्यालाच झापतोस, शिट्टी कशाला वाजवतोस म्हणून. त्यापेक्षा पत्र बरं.

बातमी तुझ्या जिव्हाळ्याची आहे. तू जिथं सगळी नोकरी केलीस त्या रेडिओ केंद्राच्या जुन्या इमारतीचं आता संग्रहालय होतंय, आणि तिथल्या वस्तूंच्या पाट्या लिहायचं काम मला मिळालंय. एप्रिलमध्ये उद्घाटन. मी रोज सकाळी त्या लांबलचक कॉरिडॉरमधून चालत जाते, भिंतीच्या भोकाभोकांच्या फळ्यांवरून बोट फिरवत. लहानपणी तू मला एकदा इथं आणलं होतंस आणि इथं खोकलायचंसुद्धा नाही म्हणून दम दिला होतास. अजून खोकायला भीती वाटते.

गेल्या आठवड्यात दोन नंबरच्या स्टुडिओत, मोडक्या खुर्च्यांच्या ढिगाखाली दोन यंत्रं सापडली. कमरेएवढी उंच, लोखंडी कपाटासारखी, वर आपल्या घरच्या कणकेच्या परातीएवढी थाळी. शेजारच्या कपाटात तेवढ्याच मोठ्या रेकॉर्डी. त्यांची पाटी मी अशी लिहिली आहे :

"जुने ग्रामोफोन (जोडी). यांवर ॲसिटेटच्या रेकॉर्डी वाजवीत असत."

संचालकांना पसंत पडली. पण छापायला जाण्याआधी तुझ्या नजरेखालून जावी असं वाटलं. चूक असेल तर सांग, फार मनाला लावून घेऊ नकोस.

मामीला नमस्कार. तिच्या गुडघ्याचं कसं आहे?

तुझी,
ठकू


१७ जानेवारी

चि. ठकूस आशीर्वाद. ते देऊन झाल्यावर आता कान धरतो.

दोन ओळींची पाटी आणि त्यात दोन चुका. तुझी पाटी मामीला मोठ्यानं वाचून दाखवली तर ती म्हणाली, "बरोबरच तर आहे की." म्हणजे दोष तुझा एकटीचा नाही, घरातच आहे.

ग्रामोफोन म्हणजे किल्ली देऊन चालणारं, स्वतःचा कर्णा असलेलं यंत्र. रेकॉर्ड प्लेअर विजेवर चालतो, आवाज मोठा करायची सोय आणि स्पीकर सगळं पोटातच, घरच्या खोलीपुरतं. आमचं यंत्र यातलं काहीच नव्हे. त्याला स्वतःचा आवाजच नाही. ते तबकडी नेमक्या वेगानं फिरवतं, सुईला जे कळलं ते तारेतून पुढं, आवाज कमीजास्त करणाऱ्या मिक्सरकडे देतं आणि स्वतः गप्प बसतं. त्याचं नाव टर्नटेबल. प्रक्षेपणाचं टर्नटेबल, असं लिही. आम्ही नुसतं "टेबल" म्हणायचो, एक नंबर टेबल, दोन नंबर टेबल. नवीन शिपायाला "टेबल पूस" म्हटलं की तो साहेबांचं टेबल पुसून यायचा.

दुसरी चूक ॲसिटेटची. ती अख्खं जग करतं. त्या तबकड्या म्हणजे ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर लॅकरचा थर, आणि त्यात ॲसिटेट औषधालासुद्धा नाही. लॅकर तबकडी लिही. नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही ॲसिटेटच म्हणायचो.

सुईला मात्र सुईच म्हण. कुणी शहाणा येऊन स्टायलस म्हणा म्हणेल. म्हणू दे त्याला.

यंत्र चालू करून बघणार असाल तर आधी थाळी उचला. मोटरची दांडी आणि थाळीची आतली कड यांच्यामध्ये एक रबरी चाक असतं. काम झालं की ते सोडवून ठेवायचं. इतकी वर्षं ते दाबलेलंच राहिलं असेल तर रबराला चपटी जागा पडली असेल आणि चाकाच्या प्रत्येक फेरीला धप धप ऐकू येईल. नवं रबर बसवून घ्या.

ती टेबलं चालवायची कशी हे पाहायचं तर आमच्या सेकंदबाईंचे हात पाहायला हवे होते. ऑपरेटर होत्या. कानाला हेडफोन, पहिला शब्द सापडेपर्यंत तबकडी हातानं फिरवायची, मग अर्धी फेरी मागं. याला क्यू लावणं म्हणतात. मग तबकडीची कड बोटानं धरून ठेवायची. खाली थाळी फिरतेय, मध्ये फेल्टचा गोल तुकडा, वर तबकडी जागच्या जागी. निवेदकाचं वाक्य संपलं की बोट उचललं. मध्ये श्वास घ्यायलाही जागा राहायची नाही, म्हणून नाव सेकंदबाई. नंतर त्या रेकॉर्ड लायब्ररीत गेल्या.

मला तिथं कानसेन म्हणायचे. आता बघ काय दशा झाली. मामीनं चहाला हाक मारली तर मी दार उघडायला जातो.

मामीचा गुडघा तिच्या म्हणण्याप्रमाणे माझ्या कानांपेक्षा बरा आहे.

तुझा,
मामा


२ फेब्रुवारी

ती. मामा,

तुझं पत्र मी संचालकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "पण लोकांना ग्रामोफोन म्हटलं की लगेच कळतं."

मी म्हटलं, "लोकांना लगेच कळतं ते चुकीचं कळतं."

"मग टर्नटेबल म्हणजे काय ते पाटीवर समजावून सांगायला पाच ओळी लागतील."

"लागू देत. भिंत मोठी आहे."

ते दोन दिवस घुश्शात होते. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, "परातीएवढी थाळी असं लिहा पाटीवर, माझ्या नातवाला ते आवडलं." म्हणजे आपण जिंकलो.

आता खरी गंमत. आमच्या मिस्त्रींनी रबरी चाक बदललं. जुन्या चाकाला तू म्हणालास तशी चपटी जागा होती, त्यांनी ती अंगठ्यानं दाबून मला दाखवली, डॉक्टर सूज दाखवतो तशी. यंत्र फिरायला लागलं. कपाटातून मी दोन तबकड्या काढल्या, "पोपटाचा खटला" नावाची अर्ध्या तासाची नाटिका, पहिला भाग आणि दुसरा भाग. पहिली अप्रतिम वाजली. दोन शेजारी एका पोपटावरून कोर्टात भांडतायत, आणि शेवटी न्यायाधीश म्हणतो, "आता पोपटानंच सांगावं." मी धावत दुसरी लावली. सुई कडेला ठेवली. "हे दोघांनाही मान्य झालं," एवढं ऐकू आलं आणि खर्रकन सुई तबकडीबाहेर. परत ठेवली, परत तेच. संचालक म्हणाले, खराब आहे, सोडून द्या.

मग लेबल नीट वाचलं. त्यावर दोन चौकोन आहेत, आरंभ बाहेरून आणि आरंभ आतून. खूण आतूनच्या चौकोनात. ही तबकडी मधून सुरू होऊन कडेला संपते! असं असतं हे तू मला कधी सांगितलं नाहीस. आतून का बरं सुरू करायची?

गंमत इथं संपत नाही. त्या दिवसाच्या नोंदवहीत लिहिलंय : "दुपारी १.४७ पासून दोन मिनिटे चाळीस सेकंद शांतता. कारण : ऑपरेटरचा निष्काळजीपणा." म्हणजे त्या ऑपरेटरनंही माझ्यासारखीच सुई कडेला ठेवली, लेबल न वाचता. सोबत श्रोत्यांच्या पत्रांची फाइल आहे. सगळ्यांना पोपट काय म्हणाला ते हवंय. एका गृहस्थांनी तर लिहिलंय की पोपटाचं मौन इतक्या धीटपणे रेडिओवर दाखवल्याबद्दल केंद्राचं अभिनंदन.

आम्ही दुसरी तबकडी अजून पूर्ण वाजवलेली नाही. उद्घाटनाला पहिल्यांदा वाजवायची असं ठरलंय. तिच्याखालची पाटी मी अशी केली आहे :

"लेबलावर 'आरंभ : आतून' असे स्पष्ट लिहिलेले असूनही ऑपरेटरने ही तबकडी बाहेरून लावली आणि श्रोत्यांनी दोन मिनिटे चाळीस सेकंद पोपटाचे मौन ऐकले."

लोक हसतील. हे ऑपरेटर म्हणजे तुझ्या सेकंदबाई तर नव्हेत? तू तेव्हा ध्वनिमुद्रणाच्या खोलीत होतास ना, तुला आठवत असेल. लवकर लिही.

तुझी,
ठकू


२४ फेब्रुवारी

ती. मामा,

तीन आठवडे झाले, तुझी ओळ नाही. आईनं मामीला फोन केला तर मामी म्हणाली, तब्येत ठीक आहे, नुसता गॅलरीत बसून असतो. मी तुझ्या टेबलांची थट्टा केली म्हणून रागावलास का? तसं असेल तर पाटी बदलते.

पाट्या दहा मार्चला छापायला जातील.

ठकू


१ मार्च

चि. ठकूस आशीर्वाद.

रागावलो नाही. तुझी पाटी चूक आहे. ती छापू नकोस.

आधी सोपं ते सांगतो. तबकडीच्या कडेजवळ आवाज उजळ असतो. सुई मधल्या भागाकडे गेली की तो थोडा दबतो. पहिली तबकडी आत येऊन संपली आणि दुसरी कडेपासून सुरू केली, तर दबका आवाज एकदम उजळतो आणि ऐकणाऱ्याला सांधा कळतो. म्हणून दुसरी आतून बाहेर कापायची, म्हणजे आवाजाची रेघ सुईनं आतून बाहेर कोरत न्यायची. दबक्याला दबका भेटतो, सांधा कळत नाही. शिवाय कापताना निघणारी लॅकरची तार मधल्या बाजूला गोळा होते, आतून सुरू केलं की ती कापणाऱ्या सुईच्या वाटेत येत नाही.

त्या तबकड्या मी कापल्या. तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो, नोकरीला सहा महिने झाले होते आणि अजून कायम झालो नव्हतो. त्या सकाळी मी दोन्ही लेबलं आधीच लिहून ठेवली आणि हाताच्या सवयीनं दोन्हींवर "बाहेरून"च्या चौकोनात खूण केली. मग दुसरी तबकडी आतून कापली, आणि लेबल तसंच चिकटवलं.

दुपारी बाईंनी लेबल वाचलं आणि लेबलात लिहिलं होतं तेच केलं. सुई घसरल्यावर त्यांनी परत ठेवली, परत घसरली. त्या धावत माझ्या खोलीकडे आल्या. मी खाली चहाला गेलो होतो. त्या परत जाऊन दुसरी रेकॉर्ड लावेपर्यंत दोन मिनिटं चाळीस सेकंद गेले.

केंद्रप्रमुखांनी तबकडी मागवली. ती न्यायला मलाच सांगितलं. कपाटाशी उभं राहून मी लेबल पाहिलं आणि माझी चूक दिसली. ड्रॉवरमध्ये कोरी लेबलं होती, गोंद होता. त्या जुन्या लेबलावर मी नवं चिकटवलं. खूण "आतून"च्या चौकोनात. सगळं मिळून पाच मिनिटंही लागली नसतील.

खोलीत बाई उभ्या होत्या. प्रमुखांनी मला विचारलं, "तबकडीत काही दोष?"

"नाही साहेब," मी म्हटलं. ते खरंच होतं. तबकडीत दोष नव्हताच.

त्यांनी लेबल मोठ्यानं वाचलं. "आरंभ, आतून. बाई, वाचता येतं ना तुम्हांला?"

बाईंनी लेबलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, "मी वाचलं तेव्हा बाहेरून होतं."

"म्हणजे मधल्या वेळात तबकडीनं मत बदललं म्हणायचं," प्रमुख म्हणाले आणि हसले. खोलीतले सगळे हसले. मी खाली फरशीकडे बघत राहिलो.

पुढच्या सोमवारी बाईंची लायब्ररीत बदली झाली. टेबलाला त्यांनी पुन्हा कधी हात लावला नाही. मी कायम झालो. पुढं वरिष्ठ झालो, नव्या मुलांना शिकवलं, आणि ग्रामोफोनला ग्रामोफोन आणि टेबलाला टेबल म्हणा म्हणून आयुष्यभर सगळ्यांच्या मागं लागलो. लायब्ररीतून काही आणायचं असलं की मात्र शिपायाला पाठवायचो.

लेबलाची कड बघ. खाली दुसरं आहे.

हे मामीला काल सकाळी सांगितलं. तिनं हातातली भाजी निवडून संपवली. मग म्हणाली, "आता लिहून टाक." म्हणून लिहिलं.

मामा


९ मार्च

मामा,

लेबलाचा गोंद केव्हाच वाळलाय. कोपरा बोटानं नुसता सारला आणि उचलला गेला. खाली तुझी खूण आहे. निळ्या शाईची, छान ठसठशीत.

मी एक दिवस तुझ्याशी अबोला धरला. तुला कळला नसेल, पण धरला होता. ज्या माणसानं मला पाढे चुकले तर पहिल्यापासून म्हणायला लावलं, तो असं कसं करतो, हे मला पचेना. मग बावीस वर्षांची मी काय काय करत होते ते आठवलं आणि जरा खाली आले.

आणखी एक गोष्ट तुला सांगायला हवी. लायब्ररीत लाकडी खणांमध्ये हजारो कार्डं आहेत, प्रत्येक तबकडीचं एक, एका बारीक, सरळ अक्षरात. मी गेले दोन महिने त्या कार्डांच्या जिवावर काम करतेय. कुठल्या तबकडीला तडा आहे, कुठली आतून, कुठल्या लेबलावर नाव एक आणि आत गाणं दुसरं, सगळं त्यात आहे. त्यांच्याशिवाय मी या ढिगात बुडून गेले असते. "पोपटाचा खटला, भाग दोन"च्या कार्डावर शेवटी लिहिलंय : "लेबले : दोन. खालचे पाहावे." ते मी फेब्रुवारीतच वाचलं होतं. मला वाटलं, दोन भागांची दोन लेबलं, आणि खालच्या खणातलं पाहा.

ते अक्षर कुणाचं ते आता विचारायला नको.

छपाई थांबवली. संचालकांना मी एवढंच सांगितलं की माहिती चुकीची निघाली. ते म्हणाले, "पुन्हा?" मी म्हटलं, पुन्हा.

निवृत्तांच्या यादीत बाईंचा पत्ता मिळाला. त्या भाचीजवळ राहतात, वय एक्याऐंशी, तब्येत खणखणीत. पत्ता सोबत आहे. तुझं पत्र मी त्यांना पाठवणार नाही. ते तुलाच लिहायला हवं.

रागावलेली पण तुझीच,
ठकू


१६ मार्च

आदरणीय बाई,

तुम्ही मला ओळखाल. ध्वनिमुद्रणाच्या खोलीतला कानसेन.

"पोपटाचा खटला"च्या दुसऱ्या तबकडीवर चुकीची खूण मी केली होती. तुम्ही वाचलंत ते बरोबरच वाचलंत. नंतर त्यावर दुसरं लेबल मी चिकटवलं. प्रमुखांच्या खोलीत मला बोलता आलं असतं, मी बोललो नाही. त्यानंतर सव्वीस वर्षं आपण एकाच इमारतीत होतो, तेव्हाही बोललो नाही.

मी तुमचं फार मोठं नुकसान केलं. क्षमा मागायला फार उशीर झाला आहे हे मला कळतं. तरी मागतो.

आपल्या जुन्या केंद्राच्या संग्रहालयात माझी भाची काम करते. एप्रिलमध्ये उद्घाटनाला ती नाटिका तिथं वाजवणार आहेत. तिथली पाटी तुम्ही सांगाल तशी लिहिली जाईल. माझं नाव घालायचं असेल तर घालावं.

आपला,
कानसेन


२९ मार्च

श्री. कानसेन यांस,

तुमचं पत्र मंगळवारी अकरा वाजता मिळालं. पाच वाजेपर्यंत चार वेळा वाचलं. भाचीनं विचारलं, कुणाचं आहे, तर म्हटलं, ऑफिसचं.

तुम्ही आयुष्यभर शब्दांच्या काटेकोरपणासाठी प्रसिद्ध होतात, म्हणून तुमच्या पत्रातला एक शब्द दुरुस्त करते. नुकसान झालं नाही. अन्याय झाला. हे दोन वेगळे शब्द आहेत. लायब्ररीत मला चार वर्षं राग होता. पाचव्या वर्षी कार्डांचं काम अंगात भिनलं आणि त्यानंतर कुणी मला परत स्टुडिओत ये म्हटलं असतं तर मी गेले नसते. सकाळी जाऊन खण उघडला की लाकडाचा वास यायचा, आणि अख्ख्या केंद्रात कुठं काय आहे ते फक्त मला ठाऊक असायचं. ते सुख तुम्ही दिलेलं नाही. ते मी मिळवलं. पण होतं हे खरं.

लेबल दुहेरी आहे हे मला प्रमुखांच्या खोलीतच कळलं. गोंद ओला होता, लेबल किंचित वर आलं होतं. तुमच्या अंगठ्यालाही गोंद होता. मी तेव्हाच बोलले असते. पण तुमचा चेहरा इतका पांढरा पडला होता की मला वाटलं, हा स्वतः सांगेल, आत्ता नाही तर उद्या. उद्या शिपाई आला. परवाही शिपाईच आला. शेवटी मी कार्डावर लिहून ठेवलं आणि विषय संपवला.

आता दुसरी बाजू. तुम्ही कबूल केलंत, मीही करते. तबकडी प्रसारणात जाण्याआधी हेडफोनवर क्यू लावायचा हा नियम मीच सगळ्यांना शिकवलेला. त्या दिवशी मी क्यू लावला नाही. लावला असता तर लेबल काही का म्हणेना, मला पाच सेकंदांत कळलं असतं. का लावला नाही सांगते. मी नाटिका ऐकत बसले होते. पोपट काय म्हणतो याची मलाच इतकी उत्सुकता लागली होती की दोन नंबरच्या टेबलाकडे बघायचंच राहिलं.

लायब्ररीत गेल्यावर पहिल्याच दिवशी मी ती तबकडी आतून लावून ऐकली. तीन दिवस कोर्टात पिंजऱ्यात बसून पोपट एकच शब्द शिकलेला असतो. न्यायाधीश त्याला मालक कोण ते विचारतो आणि पोपट ओरडतो, "शांतता!" मग न्यायाधीश म्हणतो, हा तर माझ्या कोर्टाचाच नोकर दिसतो, आणि त्याला ठेवून घेतो. हे दोघांनाही मान्य होतं. मी एकटीच खुर्चीत बसून पोट धरून हसले. त्या आठवड्यातलं ते पहिलं हसू.

पाटीबद्दल. नोंदवहीतला "निष्काळजीपणा" हा शब्द पाटीवर घेऊ नये. मी निष्काळजी कधीच नव्हते. "अनवधान" लिहावं, ते खरं आहे. आणि तुमची चूकही लिहावी. नावं घालू नयेत, पाटीवर नावं आली की लोक वस्तूकडे बघत नाहीत.

उद्घाटनाला दुसरी तबकडी कोण लावणार आहे? तुमच्या भाचीला सांगा, कुणीही लावू नये. मी येते आहे.

क्षमेचं तुम्ही विचारलंत. समोर या, मग बघू.

सेकंदबाई
(हे नाव मला तेव्हाही माहीत होतं)


२४ एप्रिल

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

आम्ही सुखरूप पोचलो. त्या दिवशी तू पाहुण्यांच्या गर्दीत होतीस, म्हणून तुला न दिसलेलं लिहितो.

तू बाईंना टेबलाशी उभं केलंस तेव्हा मी खांबाजवळ होतो, मामी शेजारी. यंत्र शिट्टी घालायला लागलं म्हणून मी कानातून काढून खिशात टाकलं होतं. त्यामुळे ऐकलं काहीच नाही, पाहिलं सगळं. त्यांनी चष्मा काढला, हेडफोन लावला, तबकडी पुढं केली, थोडी मागं घेतली. एक्याऐंशीचा हात, पण जराही थरथरला नाही. न्यायाधीशाचं वाक्य संपलं असणार, कारण त्यांनी बोट उचललं. सुई मधून बाहेर सरकत निघाली. मी तेवढ्या सुईकडेच बघत होतो. काही वेळानं सगळी खोली एकदम हसली. तुझे संचालक तर खुर्चीच्या पाठीला धरून हसत होते. मामीनं माझ्या दंडाला चिमटा काढला आणि तोंडानं शब्द करून दाखवला.

नंतर पाटी वाचली. "ध्वनिमुद्रकाने लेबलावर आरंभाची खूण चुकीची केली व पुढे ती झाकली. ऑपरेटरचे अनवधान झाले." दोन वाक्यं. लोक वाचून पुढं परातीकडे जात होते. कुणी मागं वळून माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटलं होतं, पाहतील.

पाहुणे चहाला गेल्यावर बाई कॉरिडॉरमधल्या बाकावर येऊन बसल्या. मी पाया पडायला वाकलो तर त्यांनी खांद्याला धरून बसवलं. मी पाठ करून गेलो होतो ते सगळं बोललो. किती मोठ्यानं बोललो देव जाणे, दोनदा शिपाई डोकावून गेला. त्यांनी पर्समधून वही काढली आणि माझ्यासाठी लिहीत गेल्या. आधी लिहिलं, "हळू बोला." मग लिहिलं, "मला तुमचा राग आता येत नाही. येतो का ते पाहायलाच आले होते." मी रडलो. मामी येऊन दुसऱ्या बाजूला बसली आणि त्या दोघी माझ्या डोक्यावरून गप्पा मारत राहिल्या. काय बोलल्या ते मामी अजून सांगत नाही, अधूनमधून आठवून हसते तेवढी.

निघताना बाईंनी वहीचं आणखी एक पान फाडून दिलं. त्यावर लिहिलंय की लायब्ररीत माझ्या हातच्या तीनशे बारा तबकड्या आहेत. त्यांतल्या फार तर पन्नास त्यांनी वाजवून तपासल्या होत्या, बाकीच्यांच्या कार्डांवर माझ्या लेबलावरून "आतून" आणि "बाहेरून" उतरवलंय, आणि त्यावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. जूनचे पहिले पंधरा दिवस त्या रोज सकाळी दहा ते एक येणार आहेत. तू संचालकांची परवानगी काढलीस असं त्या म्हणतात. तू मला हे सांगितलं नाहीस, पण ठीक आहे. तबकडी त्या लावणार, ऐकणार त्या. नव्या कार्डावर खूण मी करायची, आणि ती त्यांना दाखवून मगच खणात टाकायची.

मी आजच होकार कळवला. उमेदवारीवर घेतलंय, कायम करायचं की नाही ते त्या ठरवतील.

आम्ही एकतीस मेला संध्याकाळी पोचू. मामी विचारते, तुझं घर वरच्या मजल्यावर आहे, जिन्याला कठडा दोन्ही बाजूंनी आहे ना.

तुझा,
मामा